ऑटो क्लच बसवला म्हणजे झालं?

पावसाळा लागला की हा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो: ‘ऑफरोड बाइकला ऑटो क्लच बसवा. गाडी बंद पडणार नाही, क्लचप्लेटा जळणार नाहीत. चिखल जास्त असला तर स्लो वाढवा. उतारावर बिनधास्त सोडा.’

बंद न पडण्याची गोष्ट बरीचशी खरी. इंजिनचे फेरे उतरले की हा क्लच आपणच सुटतो, म्हणून गिअर पडलेला असूनही गाडी चालू राहते. लुना, टीव्हीएस एक्सएल याच तत्त्वावर कित्येक वर्षं वावरात जातात. त्यात नवल काही नाही.

स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं ती गती, वाढवायचा सल्ला मात्र गाडीच्या मुळावर येणारा. क्लच ठरावीक फेऱ्यांवर पकडू लागतो. स्लो तिथवर चढवली की उभी गाडीच पुढे ओढते, प्लेटा घासत राहतात, ऑइल तापतं. इंजिन गरम असताना स्लो गाडीच्या पुस्तकात दिली तेवढीच ठेवा. पकड मागेपुढे करायची तर आतल्या स्प्रिंगा बदला: कडक स्प्रिंग उशिरा पकडते, नरम लवकर. आपल्या काळ्या मातीत कडक स्प्रिंगची हौस नकोच. पांदणीतला गारा मडगार्डखाली ठासून बसला की चाक फिरता फिरत नाही. तुम्ही रेस देत राहता अन् क्लच पकडेपर्यंत नुसता घसरतो.

म्हणजे प्लेटा जळतात, चांगल्या जळतात. पहिल्या गिअरची जागा तिसऱ्यात रेटली तर हमखास. दुसरं कारण क्लचप्लेटांमधली फट. हाताची क्लच लिव्हर कायम ठेवणाऱ्या ऑटो क्लच किटमध्ये ती तपासायला रबरबँड पुरतो. इंजिन गरम करा, न्यूट्रलमध्ये ठेवा, लिव्हर मुठीकडे ओढली जाईल असा रबर अडकवा आणि मिनिटाला साधारण ५००० फेऱ्यांपर्यंत रेस द्या. लिव्हरचं टोक आपोआप ३ मिलिमीटरभर आत यायला हवं. हललंच नाही तर क्लचची वायर ताठ आहे, प्लेटा एकमेकींवर पूर्ण दाबल्या जात नाहीत. थोडी सैल करा. फारच आत आलं तर थोडी ताणा, नाहीतर गाडी स्लोवरही ओढेल. प्लेटा झिजतात तशी फट बदलते, तेव्हा एकदा बघून भागत नाही. ऑइल जासो (डब्यावर लिहिलेलं जपानी मानक) एमए किंवा एमए२ दर्जाचं. स्कूटरचं एमबी ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडून चालणाऱ्या क्लचला चालत नाही.

उतारावर बिनधास्त? चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना रेस पूर्ण सोडून फेरे स्लोवर येऊ दिले की क्लच सुटतो आणि इंजिनचा ब्रेक जातो. मग जरा रेस देऊन पकड परत आणावी लागते. दोन्ही ब्रेक तर तयार हवेतच.

गिअरमध्ये टाकून उतारावर उभी केलेली गाडीही थांबत नाही, चाकाला दगड लावावा लागतो. आणि वावरात बॅटरी उतरली तर बहुतेक किटवर धक्का स्टार्ट होत नाही. किक नसलेल्या गाडीवाल्यानं किट घेण्याआधी हे विचारून घ्यावं. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.