डार्क चॉकलेटने वजन उतरतं हा मेसेज पुढे पाठवू नका

"रोज डार्क चॉकलेट खा, वजन १० टक्के लवकर उतरतं, जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय" असा मेसेज परत फिरायला लागलाय. ज्या अभ्यासावर हा दावा आहे तो मुद्दाम कच्चा केलेला होता, आणि हे तो करणाऱ्यानेच २०१५ मध्ये जाहीरपणे लिहिलंय. जॉन बोहॅनन नावाचा विज्ञान पत्रकार, त्याला आणि सोबतच्या डॉक्युमेंटरीवाल्यांना दाखवायचं होतं की डाएटचं कसलंही संशोधन किती सहज बातमी बनतं.

प्रयोग खरोखर केला होता, आकडे खोटे नव्हते, गडबड पद्धतीत होती. माणसं फक्त १५, तीन गटांत विभागलेली, म्हणजे एका गटात साधारण पाचच जण, आणि प्रत्येकाची १८ मोजमापं घेतली, वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे. इतक्या कमी लोकांवर इतक्या गोष्टी मोजल्या की काहीतरी निव्वळ योगायोगाने "सिद्ध" होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते हो! इथे नेमकं वजन निघालं. एवढ्याशा गटात तर एखाद्याच्या अंगात पाणी साठलं तरी सरासरी हलते. पैसे घेऊन संशोधन छापणाऱ्या एका जर्नलने (शास्त्रीय मासिकाने) तो अभ्यास नीट न तपासता छापला आणि बऱ्याच देशांतल्या वर्तमानपत्रांनी बातमी उचलली, खुलासा मात्र तेवढा पोचलाच नाही.

चॉकलेट आवडत असेल तर खुशाल खा, पण वजन कमी करायला म्हणून रोजच्या जेवणावर वरून खाल्लं तर कॅलरी वाढतातच. डायबिटीस असलेले लोकही हा मेसेज वाचून रोज खायला लागतात, याची मला जास्त काळजी वाटते. तेव्हा कृपया तो फॉरवर्ड करणं थांबवा, आणि ज्या ग्रुपवर आधीच टाकला असेल तिथे हे पण टाका.