"नळाला पाणी नाही आणि तू इंग्लंडची माती मोजतोस": एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब होती आणि चांगलीच तापलेली होती. खाली दोन ओळी खरडून मोकळं होणं बरं वाटेना, म्हणून स्वतंत्र लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळ युनिव्हर्सल कंपनी मोठं थीम पार्क बांधणार आहे, २०३१ साली उघडायचं म्हणतात. त्याच्या कामावर मी मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यावर 'एक जुना मिल कामगार' अशी सही करून काकांनी लिहिलं: "सोलापुरात चार दिवसांआड पाणी येतं आणि तू इंग्लंडच्या मातीचे ढीग मोजतोस. तिथं तू जन्मात जाणार नाहीस. आपल्याकडं घोषणा कमी पडल्या म्हणून परदेशातल्या घोषणांना खतपाणी घालतोस का? शेवटी काय, गड्ड्यातला पाळणाच तो, नुसता महागडा."

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण ते मला पटलं. गड्ड्यातला पाळणाच तो. माझं हे वेड तिथूनच आलंय.

गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वरांची संक्रांतीची जत्रा. तिच्या आधी होम मैदानावर पाळणे उभे राहायला लागतात. सगळं गाव गड्डा भरल्यावर जातं, मला लहानपणापासून भरायच्या आधी जायची खोड. ट्रकमधून उतरवलेले लोखंडी आरे जमिनीवर पसरलेले असतात, प्रत्येकावर ऑइलपेंटनं आकडा घातलेला. खांबाच्या पायाखाली लाकडी ठोकळे. जमीन एका अंगाला खचलेली असली की ठोकळ्यावर आणखी एक फळी सारायची, ओळंबा धरायचा, लांब जाऊन एक डोळा मिटून बघायचं, परत येऊन फळी काढायची आणि जरा पातळ घालायची. हे किती वेळ चालतं ते उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. डबे अडकवल्यावर पाळणा आधी रिकामाच फिरवतात आणि पान्हेवाला खाली उभा राहून कान देऊन ऐकतो, कुठं कुरकुरतंय का ते. "काय बघालास बे त्यात? चालू झाल्यावर ये की," असं त्यातल्या एकानं मला हटकलंही होतं. पण चालू झाल्यावर बघायला काय उरतं? तेव्हा फक्त बसायचं असतं.

मोठ्या पार्कात हेच होतं, फक्त तिथं पातळ फळी सारून भागत नाही. रोलरकोस्टरच्या प्रत्येक खांबासाठी जमिनीत काँक्रीटचा पाया भरतात, त्यात बोल्ट आधीच बसवलेले असतात. रुळाचे तुकडे बऱ्याचदा दुसऱ्या देशातल्या कारखान्यात वाकवून तयार होऊन येतात. बोल्ट जागचा हलला तर वरचा तुकडा बसणारच नाही. सगळं जुळलं की माणसांच्या ऐवजी पाण्यानं भरलेले पुतळे बसवून गाडी शेकडो वेळा फिरवतात. आणि आपल्याला जे डोंगर, गुहा, किल्ले दिसतात ते सळया आणि जाळीचे सांगाडे असतात. त्यावर काँक्रीटचा फवारा मारतात आणि तो ओला असतानाच गवंडी करणीनं त्यात भेगा, कपारी कोरतात. एकदा वाळलं की संपलं. पुढं रंगारी येऊन त्यावर शेवाळ आणि गंज रंगवतो. नव्या भिंतीवर मुद्दाम गंज रंगवायचा, याची मला अजून गंमत वाटते.

आता "जन्मात जाणार नाहीस". नसेन जात. व्हिसा, विमान, तिकीट यांचा हिशेब मी मांडून बघितलाय आणि वही मिटून ठेवलीय. पण ही अडचण फार मोठी नाही, कारण पार्क उघडलं की माझा रसच संपतो. अमेरिकेत ऑरलँडोला एपिक युनिव्हर्स नावाचं पार्क झालं. ऑगस्ट २०१९ मध्ये घोषणा, २०२० मध्ये कोरोनानं काम बंद, मार्च २०२१ ला पुन्हा सुरू, २२ मे २०२५ ला दारं उघडली. मधली वर्षं मी त्याचे आकाशातून काढलेले फोटो बघत होतो. शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोन रुळांची एक राइड आहे तिथं, १३३ फूट उंच, ताशी शंभर किलोमीटर वेगाची. तिचे खांब उभे राहताना मी जितक्या उत्सुकतेनं बघितले, तितक्या उत्सुकतेनं तिच्यात बसलेल्यांचे व्हिडिओ बघितले नाहीत. कुठल्या राइडला किती रांग आणि कुठला बर्गर चांगला, यात मला काडीचा रस नाही. याला वेड म्हणा, हरकत नाही. (जाता येईल असं पार्कही आहे. चेन्नईजवळ वंडरला कंपनीचं नवं पार्क डिसेंबर २०२५ मध्ये उघडलं आणि चेन्नईला सोलापूरहून थेट गाडी आहे. करमणूक कराच्या घोळात तिथली जमीन कैक वर्षं नुसती पडून होती. पार्क उघडलं म्हणजे माझ्या लेखी आता ते जुनं झालं.)

खतपाण्याचा आरोप मात्र मला मान्य नाही, आणि तो खरं तर जास्त लागला. काका, मी घोषणेवर लिहीतच नाही. कंपन्या संगणकावर रंगवलेली चित्रं देतात, त्यात निळं आकाश आणि हसरी पोरं असतात. ती माझ्या इथं एकही सापडणार नाही. मी लिहितो ते जमीन कुणाच्या नावावर झाली, परवानगी कुठवर आली, यंत्रं आली का, पाया भरला का यावर. घोषणा आणि काम यातलं अंतर मोजायचं, एवढाच धंदा.

हे अंतर केवढं असू शकतं याचं उदाहरण त्याच इंग्लंडमध्ये आहे. लंडनच्या पूर्वेला स्वान्सकोम्ब इथं 'लंडन रिसॉर्ट' नावाचं अवाढव्य पार्क होणार, असं २०१२ पासून ऐकू येत होतं. चित्रं आली, मोठमोठी नावं आली, तारखा आल्या आणि पुढं ढकलल्या गेल्या. २०२१ मध्ये त्या जागेला निसर्गाच्या दृष्टीनं संरक्षण मिळालं, कारण तिथं उडी मारणाऱ्या कोळी किड्याची एक दुर्मीळ जात राहते. मार्च २०२२ मध्ये कंपनीनं अर्ज मागं घेतला. दहा वर्षांत एक पाळणा उभा राहिला नाही. हे वाचून तुम्हाला आपला सोलापूरजवळचा बोरामणीचा रखडलेला विमानतळ आठवला असेल. मलाही आठवला. तिथं कोळ्याच्या जागी माळढोक पक्षी आडवा आला.

आणि सोलापुरातलाच होटगी रोडचा विमानतळ घ्या. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं आणि गोव्याचं पहिलं विमान उडालं ९ जून २०२५ ला. उद्घाटन आणि उड्डाण यांच्यामध्ये आठ महिन्यांहून जास्त. उलट सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या रे नगर या कामगार वसाहतीचं बघा. जानेवारी २०१९ ला पायाभरणी, जानेवारी २०२४ ला पंधरा हजार घरांच्या किल्ल्या विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या हातात. तिथं भिंती वर येताना दिसत होत्या, रस्त्यावरून मोजता येत होत्या. घोषणा दोन्हीकडं झाल्या होत्या. काय खरं होणार ते जमिनीवर बघितल्याशिवाय कळत नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी बेडफर्डचा पिच्छा धरलाय, ती तुम्हाला सांगायलाच हवी होती. ते पार्क जिथं होणार ती बरीचशी जागा केम्पस्टन हार्डविकच्या बंद पडलेल्या वीट कारखान्याची आहे. शेजारीच स्टुअर्टबी, तिथला कारखाना एके काळी जगातला सगळ्यात मोठा म्हणवला जायचा. त्या भागातल्या चिकणमातीतच जळणारा अंश असतो, त्यामुळं वीट भाजायला कोळसा कमी लागायचा. इतक्या विटा पाडणार कोण, म्हणून १९५० च्या दशकात इटलीहून माणसं आणली. बेडफर्डमध्ये आजही त्यांची नातवंडं-पतवंडं आहेत. म्हणजे सोलापूरच्या आपल्या पूर्व भागासारखंच, कापडाच्या मागांवर काम करायला तेलंगणातून आलेली माणसं इथलीच होऊन गेली. पुढं धुरातल्या गंधकाचे नियम कडक झाले आणि २००८ मध्ये स्टुअर्टबी बंद पडलं. उरलेल्या चार चिमण्या सप्टेंबर २०२१ मध्ये पाडल्या. २०२३ च्या शेवटी युनिव्हर्सलनं केम्पस्टन हार्डविकची जमीन घेतली, ९ एप्रिल २०२५ ला तिथल्या पंतप्रधानांनी घोषणा केली. ४७६ एकर.

तुमच्या सहीत 'मिल' आहे, म्हणून विचारतो. सोलापूरची 'जुनी मिल' १८७७ सालची. मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या कापड गिरण्या. भोंगे बंद झाले त्याला किती वर्षं झाली? त्या जागांचं काय झालं? कुठं इमारती उठल्या, कुठं झुडपं. बंद कारखान्याच्या जागेवर पुन्हा हजारो माणसांचं काम उभं राहू शकतं का, हा प्रश्न इंग्लंडचा नाही, आपला आहे. तो तिथं सुटतोय का ते मी बघतोय.

आणि सुटेलच असं मी कुठं म्हटलंय? अठ्ठावीस हजार नोकऱ्या सांगतात, त्यातल्या वीस हजार बांधकामाच्या, म्हणजे बांधून झालं की संपल्या. पहिल्या वर्षी पंच्याऐंशी लाख लोक येतील हाही अंदाजच. भट्टीवर राबलेला माणूस आता तिकीटखिडकीवर बसणार नाही. बसलाच तर त्याची नात बसेल, कमी पगारावर, हंगामापुरती. अंदाज किती फसतात ते बघायला लांब कशाला, आपल्या खोपोलीचं इमॅजिका पार्क २०१३ मध्ये थाटात उघडलं, कर्जात रुतलं आणि २०२२ मध्ये मालपाणी समूहाकडं गेलं. पाळणे उत्तम होते तरी हिशेब बसला नाही.

"नुसते मातीचे ढीग" असंही तुम्ही चिडून लिहिलंय. काका, तुम्ही मिलमध्ये होता. बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) भरायचा, खळ द्यायची, एकेक धागा ओवायचा, आणि हे सगळं होईस्तोवर मागावर कापड दिसत नाही. तेव्हा कुणी येऊन "कापड कुठाय?" विचारलं तर तुम्ही काय म्हणाला असता? पार्कातही सुरुवातीला ड्रेनेज, पाण्याच्या लायनी, वीज आणि रस्ते एवढीच कामं होत असतात. ज्या पार्कात आधी कमान उभी राहते त्याची मला काळजी वाटते.

राहिला पाण्याचा विषय, तिथं आपलं भांडणच नाही. उजनी धरणातून सोलापूरला पाणी आणायच्या समांतर जलवाहिनीचं नाव काढलं की आपण सगळे कडू हसतो. ११० किलोमीटरचं काम. ऑरलँडोत काही हौशी लोक स्वतःच्या खर्चानं एका रोलरकोस्टरचा प्रत्येक खांब टिपून ठेवत होते, कुठल्या आठवड्यात कुठला उभा राहिला ते. आपल्या जलवाहिनीचा कुठला पाइप कुठल्या महिन्यात जमिनीत गेला, हे कुणी तसं टिपलं? बातम्या आल्या त्या भूमिपूजनाच्या आणि निधीच्या. माझा छंद तुम्हाला रिकामटेकडा वाटतो, पण पाइप मोजणारे असे शंभर रिकामटेकडे सोलापुरात असते तर मला आवडलं असतं.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही, वर जशीच्या तशी राहील. एक विनंती आहे. मिल बंद झाल्यावर आतली यंत्रं कशी सुटी केली, कुणी नेली, कुठल्या खात्यात सगळ्यात शेवटी काय उरलं, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं असेल तर लिहून पाठवा. टायपिंगचा कंटाळा असेल तर बोलून रेकॉर्ड करा, मी उतरवून काढतो. इथं उभं राहण्यावर बरंच लिहून झालंय, सुटं करण्यावर एकही ओळ नाही.