‘नुसतं खोलून ठेवलं’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. पिकअप उभी राहिली की रोजची कमाई बुडते आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही, हे नागपूरजवळच्या वाडीत गॅरेज चालवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. तुमचा राग समजतो. पण तुम्ही लिहिलेलं बाकीचे गाडीवालेही वाचणार, म्हणून उत्तर इथेच देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी निळा धूर मारत होती, ऑइल खात होती. मागच्या दिवाळीत दुसरीकडे रिंगा (पिस्टनभोवती बसणारी, सिलिंडरला घट्ट टेकणारी कडी) टाकल्या, तरी पुन्हा तेच सुरू झालं. आमच्याकडे आणली तर आम्ही इंजिन "नुसतं खोलून ठेवलं", आठवडा घालवला आणि काहीच काम न करता खोलाई-तपासणीचे ७,५०० रुपये घेतले. मिस्त्री म्हणजे "कालचं पोरगं", भर दुपारी इंजिन उघडं टाकून वहीत लिहीत बसलेलं. उन्हाळ्याचे दिवस, आणि आत साधा कूलरही नाही. आता दुसरे मिस्त्री दोन दिवसांत रिंगा टाकून देतो म्हणतात, म्हणून गाडी टो करून तिकडे नेली.

या शेवटच्या वाक्यासाठी मी लगेच लिहायला बसलो. भाऊ, राग आमच्यावर ठेवा, पण रिंगा टाकण्याआधी एअर फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंत (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापर्यंत) जाणारा रबरी होज, म्हणजे पाइप, बदला. क्लिपच्या खालच्या बाजूला तो चिरला आहे. सरळ असताना चीर मिटलेली दिसते. हातात धरून वाकवला की बोटाचं पेर जाईल एवढं तोंड उघडतं. आमच्या तंत्रज्ञाने त्यावर पिवळ्या पेनने खूण केली आहे आणि पार्टच्या खोक्यात तो सगळ्यात वर ठेवला आहे. तुमची गाडी उमरेडच्या खाणपट्ट्यातून रोज ये-जा करते. रस्त्यावरची कोळशाची आणि मातीची भुकटी त्या चिरेतून, फिल्टरला वळसा घालून, थेट इंजिनात जात होती. मागच्या दिवाळीच्या रिंगा त्यामुळे गेल्या. तो होज तसाच राहिला तर आताच्याही जातील.

हे कसं कळलं, ते सांगतो. तुम्ही ज्याला "नुसतं खोलणं" म्हणता, ते सगळं त्यातच आहे.

गाडी आली त्या दिवशी आमच्या तंत्रज्ञाने इंजिन खोललं नाही. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) घेतलं, ऑइल काढलं, ऑइल फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या पांढऱ्या कपड्यावर पसरल्या. चुंबकाला धरणारा चुरा निघाला तर झीज रिंग, बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) किंवा क्रँककडची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याकडची). चुंबक न धरणारी चंदेरी चकाकी दिसली तर पिस्टनचं ॲल्युमिनियम. तांबूस झाक दिसली तर बेअरिंगच्या शेलचा (क्रँक ज्यात फिरतो त्या पातळ वाटीचा) वरचा थर जाऊन खालचा उघडा पडला. तुमच्या फिल्टरमध्ये बारीक लोखंडी चुरा होता. तांबूस काहीच नव्हतं. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मग हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. हेडचे बोल्ट इंजिन पुरतं गार झाल्यावरच सोडायचे, बाहेरच्या बाजूने आत येत, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा. गरम हेड घाईघाईत एका टोकाकडून सोडलं तर ते वाकतं, आणि मग आधी नसलेला खर्च ग्राहकाच्या माथी बसतो. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, शेल, सगळं ज्या सिलिंडरचं त्याच नंबरच्या ट्रेमध्ये. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकला लावूनच बोअर केलेल्या असतात, त्यांची अदलाबदल झाली तर क्रँक नीट फिरणारच नाही. म्हणून खूण आधी, पाना नंतर.

आणि धुणं सगळ्यात शेवटी. इथेच बहुतेक गाडीवाल्यांचा आमच्यावर राग असतो, की इंजिन घाणेरडंच पडलंय, कुणी हात लावलेला दिसत नाही. डिझेलने धुतलेलं इंजिन बघायला छान दिसतं, पण सांगायचं ते सगळं त्या डिझेलबरोबर वाहून गेलेलं असतं. तुमच्या गाडीच्या फिल्टरनंतरच्या पाइपात आतून कपडा फिरवला तर कपड्यावर करडी भुकटी आली. फिल्टरच्या पलीकडे धूळ असायलाच नको. तिथूनच आमचा तंत्रज्ञ होजकडे वळला. टर्बोच्या पात्यांच्या कडाही बोथट झाल्या होत्या. धूळ आत जात असली की हेच होतं.

आता मापं. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजायचा, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. एका सिलिंडरची सहा मापं, चार सिलिंडरची चोवीस. "वहीत लिहीत बसला होता" ते हे. तुमच्या दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये वरची रिंग जिथून परत फिरते तिथे बोअर खालच्यापेक्षा ०.१८ मिमीने मोठा निघाला. होनिंगच्या (बोअर आतून घासताना पाडलेल्या) तिरप्या रेघा वर पूर्ण पुसल्या गेलेल्या, खाली अजून दिसतात. बोअरच्या वरच्या काठाशी नख फिरवलं की पायरी लागते. तुम्ही आला होतात तेव्हा त्याने तुमचं बोट धरून ती पायरी दाखवली होती, आठवत असेल.

वरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट साधारण ०.४ मिमी असायला हवी, ती १.३ निघाली. खालच्या ऑइल रिंगची झीज त्यामानाने कमी. शेल चांगले, क्रँकची मापं कंपनीच्या मर्यादेत. आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. खराब ऑइलमुळे झीज झाली असती तर आधी शेल आणि खालच्या रिंगा गेल्या असत्या, फिल्टरमध्ये तांबूस काहीतरी आलं असतं. तुमच्याकडे वरची रिंग आणि बोअरचा वरचा भागच खाल्ला गेलाय. म्हणजे घाण हवेच्या वाटेने आली. मापं आणि होज, दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

नुसत्या रिंगा का चालणार नाहीत, हा तुमचा प्रश्न होता, आणि त्याला "मिस्त्रीने नीट उत्तर दिलं नाही" असं तुम्ही लिहिलंय. तर मी देतो. गोलाचा व्यास जेवढा वाढतो, त्याच्या तिपटीहून थोडा जास्त त्याचा घेर वाढतो. बोअर वर ०.१८ ने मोठा झालाय, म्हणजे नव्या रिंगची फट तिथे जवळजवळ ०.५७ मिमीने जास्त उघडणार. ०.४ फटीची रिंग वर पोचली की १ मिमीच्या आसपास उघडी. आणि जळणाचा दाब सगळ्यात जास्त असतो तो नेमका तिथेच. शिवाय पिस्टन वर-खाली होताना रिंग दर फेरीला उघडणार, मिटणार. आणि नव्या रिंगची कोरी कड त्या पायरीवर आपटली तर रिंग तुटते. गाडी सुरू होईल, महिना-दोन महिने बरीही चालेल. नंतर पुन्हा धूर. म्हणून आम्ही बोअरिंग-होनिंग (बोअर सारखा मोठा कापून घासणं) आणि त्यात बसणारे ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचे, पिस्टन सांगितले. ते महाग पडतं, मान्य आहे. पण दरवर्षी इंजिन उघडण्यापेक्षा स्वस्त आहे.

दुपारी आमचा तंत्रज्ञ मोजत का नव्हता? मुद्दाम. मापाची यंत्रं २० अंश सेल्सिअस तापमान धरून बनवलेली असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते तुम्ही अनुभवलंच. १०० मिमीचा लोखंडी तुकडा २५ अंशांनी तापला तर साधारण ०.०३ मिमीने वाढतो, ॲल्युमिनियमचा पिस्टन त्याच्या दुपटीच्या घरात. अशा इंजिनात पिस्टन आणि बोअर यांच्यामधली जागाच मुळात मिमीच्या दहाव्या भागाहून कमी असते. गेज सावलीत, ब्लॉक उन्हाने तापलेला, असं मोजून काढलेला आकडा कागदावर लिहिणं म्हणजे ग्राहकाला फसवणं. म्हणून ब्लॉक, पिस्टन आणि गेज रात्रभर एकाच खोलीत ठेवतो आणि सकाळी ऊन चढायच्या आत मोजतो. दुपारी सकाळचे आकडे पत्रकावर उतरवतो, कंपनीच्या मर्यादेशी ताडून बघतो.

कूलरचंही तसंच. नागपुरात मे महिन्यात कूलर नसलेली खोली म्हणजे शिक्षा, हे मलाही कळतं. ग्राहकांच्या बसायच्या खोलीत कूलर आहे. इंजिन खोलायच्या खोलीत मुद्दाम नाही. खसच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा कोरड्या, तेल पुसलेल्या बोअरवर लागली तर रात्रीतून गंज धरतो, आणि कूलरचा झोत बाहेरची धूळही आत ओढतो. त्या खोलीत आमची पोरं घामाने निथळत काम करतात ते तुमच्या इंजिनासाठी. घामाचा हात मोजायच्या जागेला लागू नये म्हणून हा मुलगा दर मापाआधी हात पुसतो. मी हे रोज बघतो, म्हणून "पोरगं टाइमपास करत होतं" हे वाक्य मला फार लागलं.

तो वयाने लहान आहे, खरं आहे. आयटीआयला मेकॅनिक डिझेलचा ट्रेड करून आला, मग आमच्या जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकला. जुने मिस्त्री आवाज ऐकून सांगायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचे. पण आजच्या डिझेल इंजिनाचं काम नुसत्या कानावर होत नाही. या मुलाकडे कान आहे आणि आकडा लिहिल्याशिवाय बोलायचं नाही ही सवयही आहे. त्याने तुम्हाला लगेच उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा एक आणि दोन नंबरची मापं झाली होती, तीन आणि चारची बाकी होती. अर्धवट बघून "रिंगा गेल्या" म्हणणं सोपं होतं. त्याने ते केलं नाही, याचा मला अभिमान आहे.

राहिला पैशाचा विषय. खोलाई-तपासणीचा दर गाडी घेतानाच जॉब कार्डवर लिहिला होता, तुमची सही आहे. काम इथेच केलं असतं तर ही रक्कम एकूण बिलात धरली गेली असती, हेही त्यावर छापलेलं आहे. तपासणी फुकट का नाही, असं बरेच जण विचारतात. फुकट तपासणाऱ्याला त्याची मजुरी पार्ट विकूनच काढावी लागते, आणि मग चांगला पार्टही त्याला खराब दिसायला लागतो. तुमचे शेल आणि क्रँक चांगले आहेत असं आम्ही लिहून दिलं, हे विसरू नका. ते बदलायला सांगितलं असतं तर आमचं बिल वाढलं असतं.

मापाचं पत्रक खोक्यात होजच्या खालीच आहे. ते तुमचं आहे, कुठेही दाखवा. तुम्ही ज्यांच्याकडे काम देताय त्या मिस्त्रींबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांना पत्रक वाचायला द्या आणि दोन नंबरच्या बोअरमध्ये नख फिरवून बघायला सांगा. शहरात बोअरिंगची चांगली कामं करणारे लेथवाले आहेत; ब्लॉक तिकडे पाठवला तर पिस्टन आधी हातात घ्या, त्यांचं माप घ्या आणि मगच बोअर कापायला सांगा. हेडचे जुने बोल्ट पुन्हा लावू नका. या इंजिनाचे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा तसे धरत नाहीत, आणि नवा सेट काही फार महाग नाही.

त्यांना काही विचारायचं असेल तर गॅरेजच्या नंबरवर फोन करू द्या. सकाळी मापं चालू असतात, अकरानंतर आमचा तंत्रज्ञ स्वतः बोलेल. त्याचे पैसे नाहीत.