कागदावरचे टक्के आणि छतावरचे पॅनेल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लिथुआनियातल्या काउनास शहरात सोलर सेलसाठी बनलेल्या रेणूंवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तिखट आहे, पण तिच्यात मुद्दे आहेत. दोन ओळींत उरकण्याऐवजी सवडीने उत्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही विदर्भात बरीच वर्षं घरांवर सोलर बसवता. तुमच्या मते विद्यापीठांतले हे रेणू म्हणजे ‘पेपर छापायचा धंदा’. १९९१ पासून आधी रंगद्रव्याचे सेल, मग प्लास्टिकचे, आता पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकांचे. दर वेळी बातमी येते आणि छतावर मात्र सिलिकॉनच चढतं. विक्रम होतात ते नखाएवढ्या तुकड्यावर. आणि शिशाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

१९९१ चा दाखला तुम्ही माझ्याविरुद्ध दिलात, पण मला तो माझ्याच कामाचा वाटतो. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये ग्रेट्झेल आणि ओ’रेगन यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर रुथेनियमचं रंगद्रव्य चढवून ७ टक्क्यांच्या वर कार्यक्षमता मिळवली. आत प्रभार वाहून न्यायला आयोडीनचं द्रावण होतं. द्रव म्हटला की गळती आली. म्हणून १९९८ मध्ये त्याच प्रयोगशाळेनं द्रव काढून त्या जागी स्पायरो-ओमेटॅड नावाचा एक घन सेंद्रिय रेणू वापरून पाहिला. कार्यक्षमता आली १ टक्क्याच्याही खाली. तुमच्या फूटपट्टीनं मोजलं तर त्या कामाला तिथेच कुलूप लावायला हवं होतं.

पुढे २००९ मध्ये योकोहामाच्या तोइन विद्यापीठात मियासाका यांच्या गटानं रंगद्रव्याच्या जागी पेरोव्स्काइट वापरलं: ३.८ टक्के. अडचण अशी की भोवतीच्या द्रवात ते पेरोव्स्काइटच विरघळायचं आणि सेल काही मिनिटांत मान टाकायचा. २०१२ मध्ये कोरियातल्या पार्क यांनी लोझानच्या सोबतीनं, आणि ऑक्सफर्डच्या स्नेथ यांनी, द्रव हटवून तोच जुना स्पायरो वापरला. कार्यक्षमता ९.७ आणि १०.९ टक्क्यांवर गेली आणि सेल टिकूही लागला. चौदा वर्षं जवळपास बिनकामाचा ठरलेला रेणू नसता, तर पेरोव्स्काइट हे प्रकरण योकोहामातच संपलं असतं, असं माझं मत आहे. रंगद्रव्याचा सेल बाजारात फारसा चालला नाही हे खरंच. पण त्याच्यासाठी तयार झालेलं सामान पुढच्या सेलच्या कामी आलं, आणि तो हिशेब कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

प्लास्टिकच्या सेलबाबत मात्र तुमच्याशी भांडत नाही. कोनार्काचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, मीच घेतो. २००० सालचे नोबेल विजेते हीगर जिच्या संस्थापकांत होते ती ही अमेरिकन कंपनी २००१ मध्ये उभी राहिली आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचं उत्पादन छतावरच्या सिलिकॉनशी दराच्याही आणि आयुष्याच्याही बाबतीत टिकू शकलं नाही.

आता काउनास. ‘लिथुआनियासारख्या देशानं सोलरमध्ये काय दिवे लावले’ हे तुमचं वाक्य जरा जास्तच झालं, पण असो. स्पायरोचे दोन दुर्गुण आहेत. एक, तो महाग आहे. बनवायला आणि शुद्ध करायला किचकट. दुसरा, एकट्यानं तो होल, म्हणजे धन प्रभार, नीट वाहून नेत नाही. त्यात लिथियमचं मीठ मिसळावं लागतं, आणि ते मीठ हवेतला दमट अंश ओढून घेतं. पेरोव्स्काइटला ओल म्हणजे विषच. काउनास तंत्रज्ञान विद्यापीठातल्या व्यिताउतास गेतौतिस यांच्या गटानं थर जाड करण्याचा नादच सोडला. त्यांचा रेणू तीन तुकड्यांचा: एका टोकाला फॉस्फॉनिक आम्ल, जे ऑक्साइडच्या पृष्ठभागाला रासायनिक बंधानं धरून बसतं, मध्ये कार्बनची छोटी साखळी, दुसऱ्या टोकाला कार्बाझोल, जे होल स्वीकारतं. द्रावणाचा हात फिरवला की रेणू आपोआप एकाच्या शेजारी एक उभे राहतात आणि एका रेणूइतका जाड थर तयार होतो. मीठबीठ काही लागत नाही.

याचा पैशांत अर्थ काय, तर कागद-पेन्सिल घ्या. तुम्हाला आवडेल असा हिशेब आहे. स्पायरोचा नेहमीचा थर साधारण २०० नॅनोमीटरचा, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ०.२ ग्रॅम. काउनासच्या टू-पॅकझ या रेणूचा रेणुभार २७५. एका चौरस नॅनोमीटरवर दोन रेणू बसतात असं धरलं तर चौरस मीटरला १ मिलिग्रॅमही लागत नाही. २४ टक्के कार्यक्षमता धरली तर एक मेगावॉटच्या पॅनेलना चार-सव्वाचार हजार चौरस मीटर सेल लागतील, आणि त्यांना हा रेणू लागेल जेमतेम चार ग्रॅम. कारखान्यात वाया जाईल ते वेगळं; दसपट धरा. तरी तो दोन मुठींत मावेल. किमतीचा प्रश्न तिथेच मिटतो.

आणखी एक गोष्ट, जी मूळ लेखात मी घाईत उरकली होती. सिलिकॉनच्या सेलवर पेरोव्स्काइटचा सेल चढवला की त्या जोडीला टँडम म्हणतात. पण सिलिकॉनच्या पृष्ठभागावर प्रकाश अडकवण्यासाठी सूक्ष्म पिरॅमिड कोरलेले असतात. त्यावर पॉलिमरचं द्रावण पसरवलं की डोंगरावरच्या पावसासारखं ते दरीत उतरतं आणि शिखरं उघडी राहतात. काउनासचे रेणू मात्र पृष्ठभागाला जिथे जागा मिळेल तिथे चिकटतात, शिखरांवरही. म्हणूनच बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्रातल्या आल्ब्रेख्त यांच्या गटाला हे रेणू हवे होते. २०२० मध्ये त्यांच्यातल्याच मी-फोर-पॅकझनं सिलिकॉन-पेरोव्स्काइट टँडमला २९.१५ टक्क्यांचा प्रमाणित आकडा मिळवून दिला. आज टोकियो केमिकल इंडस्ट्री ही कंपनी हे रेणू बाटलीत भरून विकते, आणि जगभरच्या प्रयोगशाळा ते विकत घेतात. पेपर छापायचा धंदा म्हणाल तर तो इथे खरोखरचा धंदा झाला.

दोषही सांगतो. हे रेणू द्रावणात घोळके करतात, मग थर कुठे दाट कुठे विरळ बसतो. वर पेरोव्स्काइट ओतताना त्याचा विद्रावक काही रेणू उखडून काढतो. मी-फोर-पॅकझवर तर पेरोव्स्काइटचं द्रावण नीट पसरतही नाही. तेल लावलेल्या काचेवरच्या पाण्यासारखं गोळा होतं. नखाएवढ्या तुकड्यावर हे सांभाळता येतं, दोन मीटरच्या पॅनेलवर ते फार जड जातं. २९.१५ चा विक्रमसुद्धा साधारण १ चौरस सेंटीमीटरवरचाच आहे. इथे तुमचा मुद्दा बिनतोड आहे. विक्रमाची बातमी देताना क्षेत्रफळ सांगत नाहीत त्या वर्तमानपत्रांवर मीही चिडतो.

पण ‘छतावर शून्य’ आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. स्नेथ यांच्या संशोधनातून निघालेल्या ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग इथल्या कारखान्यातून टँडम पॅनेलचा पहिला व्यावसायिक माल अमेरिकेला पाठवला. पॅनेलची कार्यक्षमता २४.५ टक्के. तुमच्या गोदामातल्या चांगल्या टॉपकॉन जातीच्या सिलिकॉन पॅनेलपेक्षा थोडीच जास्त, मान्य. फरक असा की एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा सुमारे २९.४ टक्के आहे आणि ते तिच्याकडे सरकत चाललंय. टँडमसाठी ही सुरुवात आहे. सेल इतके स्वस्त झाल्यावर खर्च उरतो स्ट्रक्चर, केबल, मजुरी आणि जागेचा. तो क्षेत्रफळावर चढतो, म्हणजे कार्यक्षमता वाढली की तेवढ्याच विजेला तो कमी लागतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

शिसं. ५०० नॅनोमीटरच्या थरात चौरस मीटरला १ ग्रॅमच्या आत शिसं असतं. तुमच्या नेहमीच्या पॅनेलच्या सोल्डरमध्येही बहुधा असतंच. पण सोल्डरमधलं धातुरूप असतं, आणि पेरोव्स्काइटमधलं पाण्यात विरघळणारं. गारपिटीत काच फुटली तर हा फरक महत्त्वाचा ठरेल. तेव्हा ‘किती’ यापेक्षा ‘फुटल्यावर किती वाहून जातं’ हे विचारायला हवं.

ग्राहकांना थांबायला सांगू का, असं शेवटी तुम्ही उपरोधानं विचारलंय. अजिबात नको. पीएम सूर्यघरचं अनुदान घ्या, डीसीआर, म्हणजे देशात बनलेलं, सिलिकॉन बसवा. पण टँडमचा विक्रेता कॅटलॉग घेऊन तुमच्याकडे आला, तर कार्यक्षमतेचा आकडा झाकून ठेवा आणि त्याला तीन गोष्टी विचारा. तो आकडा पूर्ण पॅनेलचा आहे की सेलचा. ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तासांनी किती उरतो. आणि उघड्यावर, खऱ्या उन्हात, वर्षाला किती घट मोजली आहे. अकोल्यात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असते तेव्हा पॅनेल ७० च्या आसपास जातं. युरोपातल्या छतावरची नोंद दाखवली तर मान्य करू नका.