देवबागच्या आमच्या होमस्टेला मिळालेल्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

आपला रिव्ह्यू वाचला. एवढ्या लांबून येऊन मुलांचं पॅरासेलिंग झालं नाही, त्यांचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. जेवण महाग, खोलीत वाळू, स्कूबाला पाणी गढूळ, मालक उद्धट असं सगळं आपण लिहिलंय. पण "समोर पाणी अगदी शांत होतं, शेजारच्यांच्या राइड चालू होत्या, तरी वाऱ्याचं निमित्त करून आम्हाला फसवलं" हे वाक्य मला सोडून देता येत नाही. ते वाचून पुढच्या शनिवारच्या एका ग्रुपने कालच बुकिंग रद्द केलंय.

सर, आमच्या पडवीत बसून आपण जे शांत पाणी बघत होतात ती कर्लीची खाडी. समुद्र नव्हे. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. आमचं घर खाडीकडे आहे. दुपारचा वारा येतो समुद्रावरून. तो मधल्या माडांवर आणि सुरूच्या झाडांवर अडतो, म्हणून खाडीत पाण्यावर साधी सुरकुतीसुद्धा दिसत नाही. त्याच वेळी रस्ता ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर गेलात तर वाळू तोंडावर बसते, डोळे उघडवत नाहीत. मी आपल्याला म्हटलं होतं, चला, दोन मिनिटं चालत जाऊ, स्वतःच बघा. आपण आला नाहीत. तिथे आला असतात तर हा रिव्ह्यू असा लिहिला नसतात, असं मला अजूनही वाटतं.

शेजारच्यांची बनाना राइड आणि जेट स्की चालू होती, बरोबर. ती खाडीतच चालते. आम्हीही तीच देऊ केली होती, मुलं तयारही होती, आपणच नको म्हणालात. पॅरासेलिंगची बोट मात्र संगमावरून, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिथून, बाहेर समुद्रात काढावी लागते. आदल्या दिवशीच अमावास्या झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस. या दिवसांत आमच्याकडे अकराच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि ओहोटी लागते. खाडीचं सगळं पाणी पलीकडच्या भोगवे गावासमोरच्या त्या मुखातून जोराने बाहेर पडतं आणि समोरून वारा लाटा आत ढकलत असतो. दोन्ही भिडले की मुखाशी लाट उभी राहते. नवख्या माणसाला ती लांबून नुसती पांढरी रेघ दिसते. आमच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, ती बघितली आणि म्हणाला, "वारो सुटलो हा, आता बोट काढूची नाय." त्याचं उभं आयुष्य या पाण्यावर गेलंय. तो नाही म्हणाला की मी मालक असूनही वर बोलत नाही.

आणि समजा बोट बाहेर काढलीही असती. वारा झपाट्याने येत असला की वर गेलेलं पॅराशूट हेलकावे खातं. बोट सावकाश केली तरी ते खाली येत नाही, दोर गुंडाळणाऱ्या विंचला ओढ बसते आणि माणूस बोटीच्या फळीवर नीट उतरत नाही. आपली धाकटी मुलगी जेमतेम दहा वर्षांची. तिला मी कुणाच्या भरवशावर वर सोडायचं?

बंदरावर बावटा लागला नव्हता, असंही आपण लिहिलंय. सर, बावटा लागतो तो वादळाच्या इशाऱ्याला. रोज दुपारी सुटणाऱ्या वाऱ्याला कुणी बावटा लावत नाही, तो आम्हालाच ओळखावा लागतो. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. पेपरात ती दोन दिवसांची बातमी होती. आम्ही इथेच राहतो, आमच्यासाठी ती अजून संपलेली नाही. त्यामुळे "एवढ्याने काय होतंय, काढा बोट" असं कुणी म्हटलं की माझा आवाज चढतो. त्यात जेट्टीवर वारा आणि इंजिनाचा आवाज, तिथे माणूस ओरडूनच बोलतो. त्याला आपण उद्धटपणा म्हणालात, ते फार लागलं.

आता वेळेचं. रात्री जेवताना मी आपल्याला दोनदा सांगितलं होतं की सकाळी साडेसातला जेट्टीवर या. त्या वेळी वारा पडलेला असतो, भरती चढत असते, पाणी बसलेलं असतं. जमीन तापली की दहानंतर वारा सुटतो आणि मे महिन्यात तो दुपारपर्यंत भलताच जोर धरतो. आमच्या मुलाने साडेसहाला चहाचा थर्मास दाराशी ठेवला, दार वाजवलं. आतून "थोड्या वेळाने" असं उत्तर आलं. सुट्टीवर आलेल्या माणसाला झोपेतून ओढून काढणं आम्हाला जमत नाही. आपण जेट्टीवर आलात तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. त्याच दिवशी सकाळी कोल्हापूरचं एक कुटुंब वर जाऊन, खाली येऊन, घावणे खाऊन नऊच्या आत मोकळं झालं होतं.

स्कूबाचंही तेच. उधाणाला तळाची वाळू हलते, त्यात दुपारची वेळ. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचं पाणी सकाळी निवळ असतं, तेव्हा मासेही दिसतात आणि प्रवाळही.

सुरमईची थाळी साडेचारशे, हा दर बोर्डावर लिहिलेला आहे. वारा असला की छोट्या होड्या बाहेर पडत नाहीत आणि मालवणच्या बाजारात सुरमईला हात लावायची सोय राहत नाही. बांगड्याची थाळी स्वस्त पडेल हे माझ्या बायकोने आधीच सांगितलं होतं. ती मसाला घरी भाजून करते, सोलकढीला नारळ रोजचा रोज खवते. "हॉटेलपेक्षा महाग" हे वाचून ती काही बोलली नाही, पण मला कळलं.

आणि पॅरासेलिंगचे चार हजार रुपये आपली गाडी निघायच्या आधी मी जीपेवर परत केले होते. रिव्ह्यूमध्ये त्याचा कुठेच उल्लेख नाही. फसवायचं असतं तर आधी ते पैसे ठेवून घेतले असते. 25 मेच्या आसपास सगळे वॉटर स्पोर्ट्स बंद होतात ते 31 ऑगस्टपर्यंत. त्या तीन महिन्यांचं घर या मोसमाच्या कमाईवर चालतं, खलाशांचंही. चार हजार परत करणं आम्हाला हलकं नसतं, तरी केलं, कारण ते आपलेच होते.

खिडक्यांना बारीक जाळी लावून घेतोय, म्हणजे वाळूचा त्रास कमी होईल. सकाळच्या वेळेचंही काहीतरी ठळक लिहून लावतो, बाकीचंही बघतोच आहोत.

पुन्हा यायचं झालं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या आणि साडेसातला जेट्टीवर या. मुलीला मी स्वतः बोटीवर घेऊन जाईन. बाकी स्टार किती द्यायचे ते आपण ठरवा, पण पैसे परत मिळाले होते एवढी एक ओळ रिव्ह्यूमध्ये घाला, ही विनंती.