फ्रान्सिस मॅरियनला युद्धवार्ताहर म्हणायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, फ्रान्सिस मॅरियनवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनतीनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की हॉलिवूडच्या पटकथा लिहिणाऱ्या या बाईला मी उगाच युद्धवार्ताहर करून डोक्यावर घेतलंय, ती फ्रान्सला पोचली तेव्हा पहिलं महायुद्ध संपत आलेलं, लढाई तिने बघितलीच नाही, काम सरकारी प्रचाराचं आणि सगळं लक्ष तिच्या प्रियकराकडे, फ्रेड थॉमसनकडे.

प्रचाराचं एकदम मान्य, ते मी लेखात स्पष्ट लिहायलाच हवं होतं. तिला पाठवलं अमेरिकन सरकारच्या, जॉर्ज क्रील प्रमुख असलेल्या कमिटी ऑन पब्लिक इन्फर्मेशनने, आणि १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर लोकमत आपल्या बाजूला वळवायलाच हे खातं काढलेलं.

बाकीचं मात्र नाही पटलं. थॉमसन सैन्यात पाद्री होता, तिचं प्रेम होतं, १९१९ मध्ये लग्नही झालं, पण जाताना ती मूकपटांची बडी नटी मेरी पिकफर्डची हक्काची लेखिका होती, वर्षाला ५० हजार डॉलरचा करार, तिने लिहिलेला 'स्टेला मॅरिस' सिनेमा नुकताच आलेला, आणि असं भरात आलेलं काम मागे टाकून ती गेली हे तुम्ही हिशोबात धरतच नाही.

आणि 'लढाई कुठे बघितली?' अहो, तिच्याकडे काम होतं युद्धात राबणाऱ्या बायकांचं, ते कॅमेऱ्यात पकडायचं. अमेरिकेच्या युद्धखात्याने अधिकृत वार्ताहर म्हणून पहिली बाई मान्य केली ती पेगी हल, तीही १९१८ मध्येच, आणि तिला मिळालं काय तर मुख्य आघाडीपासून दूरचं सैबेरिया!

त्याच युद्धातल्या 'हॅलो गर्ल्स' बघा. फ्रेंच-इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या दोनशेच्या वर मुली, फ्रान्समध्ये कानाला हेडफोन लावून अमेरिकन लष्कराचे फोन जोडायच्या. ऑक्टोबर १९१८ मध्ये व्हर्दनजवळ सुयी गावात त्यांच्या बराकींना आग लागली तरी त्या स्विचबोर्ड सोडून उठेनात, शेवटी शिस्तभंगाची धमकी द्यावी लागली, आणि तासाभरात परत जागेवर. गणवेश होता, शपथ घेतलेली, तरी घरी आल्यावर सांगितलं की तुम्ही सैनिक नाहीच. मान्यता मिळायला १९७७ उजाडलं, तोवर त्यातल्या बहुतेक जणी गेलेल्या. ज्या युद्धात असल्या बायकांना कागदावर जागा नव्हती तिथे कोणीतरी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला, मग तो सरकारी का असेना, मला ती वार्ताहरकीच वाटते.

शिवाय मॅरियन सिनेमात यायच्या आधी सॅन फ्रान्सिस्कोत पेपरसाठी काम करून आलेली, ती सवय कधी सुटली नाही. 'द बिग हाऊस' हा तुरुंगावरचा सिनेमा लिहायचा म्हणून सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात स्वतः जाऊन कैदी कसे राहतात, कसे बोलतात ते बघून आली, आणि त्याच पटकथेवर लेखनाचं ऑस्कर घेणारी पहिली बाई ठरली.

लेखात मी 'आघाडीवरून' लिहिलंय तो शब्द आज काढते, तिथे तुमचं बरोबर आहे. 'युद्धवार्ताहर' मात्र राहणार.