हाना आणि आमचा दादा

गेल्या दिवाळीत लातूरला गेलो होतो. मावसभाऊ भेटायला आला, चहाचा कप हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्याकडं जर्मनीत सीएचबी असतंय का रे?"

दादाला सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, पास होऊन बारा वर्षं झाली, पीएचडीही आहे. दोन कॉलेजांत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, घेतलेल्या तासांपुरत्या मानधनात रसायनशास्त्र शिकवतो. दर जूनला नव्यानं मुलाखत, उन्हाळा कोरडा, मानधन येईल तेव्हा येईल. प्रयोगशाळा परिचराची जागा कित्येक वर्षं रिकामी, म्हणून टायट्रेशनची द्रावणंही तोच बनवतो. एका संस्थेनं कायम जागेसाठी आकडा सांगितला होता. तो ऐकून मावशीनं शेताचा विषय काढला, दादानं तो तिथंच थांबवला.

"असतंय की," मी म्हणालो. त्याला खरं वाटेना.

इथं जर्मनीत 2007 सालचा एक कायदा आहे. विद्यापीठात डॉक्टरेटच्या आधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं तुम्हाला मुदतीच्या करारावर ठेवता येतं. तेवढ्यात प्राध्यापकपद मिळालं तर ठीक, नाहीतर बहुतेकांना चाळिशीच्या आसपास बाहेरची वाट. शिक्षण मंत्रालयानं हे समजावायला हाना नावाच्या काल्पनिक संशोधिकेचा हसरा ॲनिमेशनपट काढला होता. माणसं बदलत राहिली की नवे विचार येतात, असा त्याचा सूर. 2021 मध्ये हजारो संशोधकांनी ट्विटरवर 'मीच हाना' म्हणत आपापल्या करारांचा हिशेब मांडला. माझा स्वतःचा सहावा करार चालू आहे, तो मार्चमध्ये संपतो. त्यामुळे गावाकडे कुणी 'परदेशात गुणवत्तेला किंमत आहे' म्हणून भाषण सुरू केलं की मी ताटातल्या चकलीकडे बघतो.

तरी दादाची आणि माझी तुलना करायला मला लाज वाटते. माझ्या जागेच्या जाहिरातीतच वेतनश्रेणी छापलेली होती, कराराची मुदतही. वर्षाला 30 दिवस पगारी रजा, आजारपणात पगार, पेन्शनची कपात. पीएचडी करणाऱ्यांना अर्ध्या जागेचा पगार देऊन पूर्ण दिवस राबवण्याचा लबाडपणा इथंही चालतो, पण तो पगार महिन्याच्या महिन्याला येतो. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2019 मध्येच अतिथी अध्यापकाला तासिकेमागे 1500 रुपये, महिन्याला कमाल 50,000 असं ठरवून दिलं. दादाला तो दर कधी दिसला नाही. मग प्राध्यापकाला पीएचडी हवी की नेट (देशपातळीची पात्रता परीक्षा) किंवा सेट पुरे, यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो. विद्यापीठात पीएचडी सक्तीची करणारा 2018 चा नियम 2021 वरून 2023 वर ढकलला गेला आणि शेवटी नेट-सेटवर आला. दादाकडे दोन्ही आहे, उपयोग काय?

मला हेवा वाटतो तो वेगळ्याच माणसाचा. आमच्या विभागाच्या तळघरात यंत्रशाळा आहे. तिचा प्रमुख कारागीर कायम नोकरीत आहे, त्याच्याकडे पीएचडी नाही. हाताखाली शिकाऊ मुलं असतात, विद्यापीठच त्यांना तीन-साडेतीन वर्षं पगार देऊन शिकवतं. माझ्या चाचणीयंत्राचा जबडा त्यानं लेथवर घडवला. प्राध्यापक बदलले, हाना आल्या नि गेल्या, पण कोणत्या पंपाला कुठून गळती लागते हे त्याला तोंडपाठ. आपल्याकडे शिक्षकेतर जागांची भरती म्हटलं की शिपाई नि कारकून एवढंच डोळ्यांपुढे येतं.

हे सांगितल्यावर दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे आमच्याकडं एक परिचर जरी भरला, तरी मी वर्गात वेळेवर पोचंन."